चहाआधी वाटीभर उसळ

आपल्या वस्त्यांमधली सकाळ आज चहा-बिस्किटावर चालते. पहाटे उठून पाणी भरणारी, डबे करणारी आणि सहा-साडेसहाला कामावर निघणारी बाई कपभर चहा घेते, त्यात दोन बिस्किटं नाहीतर एखादा टोस्ट बुडवते आणि घराबाहेर पडते. शाळेत जाणारं पोर तेच खातं. बांधकामावर जाणारा माणूस नाक्यावर कट चहा घेतो, खिशात असेल तर सोबत एखादा आलूपोंगा. त्यानंतर दुपारी एक-दीडपर्यंत पोटाला दुसरं काही मिळत नाही.

ही सवय गरिबीमुळे लागली, असं सगळे म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. ज्या घरात पाच रुपयांचे चार पुडे रोज येतात, तिथे महिन्याला सहाशे रुपये बिस्किटावर जातात. तेवढ्या पैशात चार किलो काळे चणे येऊन वर तेल-कांद्याला पैसे उरतात. चार किलो चणे म्हणजे पाच माणसांच्या घराला सोळा दिवसांचा भरपेट नाश्ता. पैसा आपण खर्च करतोच आहोत, पण तो चुकीच्या पुड्यात चालला आहे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. आठवड्यातले निदान चार दिवस आपल्या घराचा नाश्ता भिजवलेल्या कडधान्याच्या उसळीचा असावा. चणे, बरबटी, मटकी, मूग, वाटाणा, मसूर, जे घरात असेल ते. यासाठी नवं काही शिकायचं नाही, महागाचं काही आणायचं नाही. आपल्या आजी-पणजीला जे येत होतं तेच पुन्हा करायचं आहे.

बाई, सकाळी काय खाल्लं?

नर्सिंगचा डिप्लोमा झाल्यावर मी बरीच वर्षं वॉर्डात आणि ओपीडीत काम केलं. आता वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करते. दोन्हीकडे एक तक्रार सारखी ऐकू येते. "सिस्टर, चक्कर येते. पायात गोळे येतात. जिना चढला की धाप लागते." मी पहिला प्रश्न विचारते, "सकाळी काय खाल्लं?" उत्तर बहुतेक वेळा एकाच शब्दाचं असतं, "चहा."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आपल्या महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ५४ टक्के होतं. याचा अर्थ असा की चार बाया एका ओट्यावर बसल्या असतील, तर त्यातल्या दोघींचं तरी रक्त कमी आहे, आणि त्यातल्या कितीतरी जणींना ते ठाऊकही नाही. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर बाईचं ११ च्या खाली असेल, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. आपल्याकडे ९ हिमोग्लोबिन असलेली बाई "मला काही झालं नाही" म्हणत चार घरची धुणीभांडी करते. थकवा हा बाईचा स्वभावच आहे असं घरातले धरून चालतात, आणि हळूहळू तीही तसंच धरून चालते.

रक्तक्षयाची कारणं अनेक असतात. पाळीत जास्त रक्त जाणं, पोटातले जंत, लागोपाठची बाळंतपणं, सिकलसेलसारखे आजार. पण अपुरं खाणं हे त्यातलं मोठं कारण आहे, आणि आपल्या हातात सगळ्यात आधी येणारं कारणही तेच आहे.

मुठीचा हिशेब

एका माणसाला सकाळी ५० ग्रॅम सुके कडधान्य धरा. मोठ्या माणसाची ती साधारण एक भरगच्च मूठ होते. भिजून, शिजून त्याचं वजन दुपटीहून जास्त भरतं आणि वाटी गच्च भरते. ५० ग्रॅम चण्यांतून ९-१० ग्रॅम प्रथिनं मिळतात. चार साध्या बिस्किटांतून मिळतात जेमतेम दीड-दोन ग्रॅम. बाकी त्यात मैदा, साखर आणि तेल. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे ही वाटी दीड अंड्याच्या तोडीची झाली.

५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. त्यातला पाचवा हिस्सा सकाळच्या एका वाटीत मिळत असेल, तर दिवसभरात ते गणित जुळवणं सोपं जातं. चहा-बिस्किटावर सकाळ काढली तर दुपार आणि रात्र मिळूनही ते जुळत नाही, कारण आपल्या जेवणात वरण पातळ असतं आणि भात जास्त असतो.

लोहाचंही तसंच. ५० ग्रॅम चण्यांत साधारण तीन मिलिग्रॅम लोह असतं. बाईची दिवसाची गरज २९ मिलिग्रॅम धरली जाते. म्हणजे चण्यांनी एकट्याने गरज भागणार नाही. पण भाजी, भाकरी, वरण यांच्यासोबत हा रोजचा भर पडत राहिला तर फरक पडतो. शिवाय कडधान्यात फोलेट भरपूर असतं. रक्त तयार व्हायला ते लागतं, आणि पोटातल्या बाळाच्या मेंदू-मणक्याच्या वाढीलाही लागतं.

तिसरी गोष्ट चोथ्याची, म्हणजे तंतूंची. उसळ सावकाश पचते. रक्तातली साखर एकदम चढत नाही आणि दहा वाजताच पोटात कावळे ओरडत नाहीत. आपल्या घराघरांत आता मधुमेहाचा एक तरी माणूस आहे. त्याच्यासाठी बिस्किट, पाव, पोहे यांपेक्षा उसळ कधीही चांगली, मग बिस्किटाच्या पुड्यावर "डायजेस्टिव्ह" असं लिहिलेलं असलं तरीही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाच्या ताटाचा जो नमुना दिला आहे, त्यात डाळी-कडधान्यं, अंडी, मांस-मासे मिळून ८५ ग्रॅम धरले आहेत. सकाळची एक मूठ म्हणजे त्यातला अर्ध्याहून जास्त वाटा.

लोह अंगी लागावं म्हणून

खाल्लेलं सगळं लोह रक्तात जात नाही. कडधान्यात फायटेट नावाचा घटक असतो, तो लोहाला धरून ठेवतो. भिजवल्याने तो काही प्रमाणात कमी होतो आणि मोड आणल्याने आणखी कमी होतो. म्हणून भिजवणं हे केवळ लवकर शिजावं म्हणून नसतं.

दुसरं, उसळीवर लिंबू पिळाच. लिंबू, आवळा, कच्चा टमाटर यांतलं क जीवनसत्त्व कडधान्यातलं लोह शोषून घ्यायला मदत करतं. लिंबू गरम गंजात पिळू नका, ताटात पिळा. शिजवल्याने क जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं.

तिसरं सगळ्यात अवघड आहे, ते म्हणजे चहा. चहातलं टॅनिन लोहाचं शोषण अडवतं. उसळ खाल्ली आणि वरून लगेच चहा प्यायली, तर अर्धी मेहनत वाया जाते. उसळ आणि चहा यांत निदान तासाभराचं अंतर ठेवा. आपल्याला चहा सुटणार नाही, हे मला चांगलं माहीत आहे, आणि तो सोडा असं मी म्हणतही नाही. उसळ आधी, चहा कामावर पोचल्यावर, एवढंच म्हणते.

अशी करा उसळ

पाच माणसांसाठी पाव किलो काळे चणे घ्या. निवडून, दोन-तीनदा धुवून रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला. चणे फुगतात, म्हणून पाणी तिपटीने हवं. आठ-दहा तास पुरेत. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उकाड्यात रात्रभरात पाण्याला फेस येतो, वास येतो. तेव्हा झोपायच्या आधी एकदा पाणी बदला आणि भांडं माठाजवळ किंवा थंड जागी ठेवा.

सकाळी भिजवलेलं पाणी ओतून टाका. ताजं पाणी चण्यांच्या बोटभर वर येईल इतकं घाला, थोडं मीठ आणि चिमूटभर हळद घालून कुकर लावा. एक शिट्टी झाली की आच बारीक करून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. चणा दोन बोटांत दाबला की चेपला पाहिजे. खाण्याचा सोडा घालू नका. त्याने चणे लवकर मऊ होतात, पण ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. चणे जुने असतील किंवा बोअरचं पाणी जड असेल तर शिजायला वेळ लागतो, तेव्हा आणखी दहा मिनिटं द्या. टमाटर, चिंच, आमसूल चणे शिजल्यानंतरच घाला. आंबट आधी घातलं तर दाणा कडक राहतो.

आता फोडणी. पाच जणांसाठी दोन मोठे चमचे तेल पुरे. त्यात मोहरी, जिरं, कढीपत्ता, मग बारीक चिरलेला एक मोठा कांदा. कांदा गुलाबी झाला की ठेचलेलं आलं-लसूण, हळद, तिखट, धनेपूड आणि चिरलेला टमाटर. टमाटर विरघळला की चणे त्यांच्या पाण्यासकट घाला. ते पाणी फेकू नका, त्यात सत्त्व उतरलेलं असतं. एक पळीभर चणे घोटून परत टाका, म्हणजे रस्सा तेलाशिवाय दाट होतो. सात-आठ मिनिटं उकळी येऊ द्या. वरून सांबार, बारीक कांदा आणि लिंबू. सोबत रात्रीची ज्वारीची भाकर असेल तर उत्तम. कडधान्याला जे कमी पडतं ते धान्य भरून काढतं आणि धान्याला कमी पडतं ते कडधान्य, म्हणून दोन्ही एका ताटात हवेत.

बरबटी करायची असेल तर ती चार-पाच तासांत भिजते आणि दोन-तीन शिट्ट्यांत शिजते. मोड आलेल्या मटकीला आणि मुगाला तर कुकरही नको, फोडणीत टाकून झाकणावर पाणी ठेवून दहा-पंधरा मिनिटांत होते. मात्र मोड आलेलं कडधान्य लहान मुलांना आणि गरोदर बाईला कच्चं देऊ नका, शिजवूनच द्या. राजमा असेल तर रात्रभर भिजवा, पाणी फेका आणि चांगला खळखळ उकळून पूर्ण शिजवा. अर्धाकच्च्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात.

नागपूरकरांना मी आणखी एक सांगते. तर्री-पोहे आपण सगळे आवडीने खातो. पण ठेल्यावरच्या प्लेटमध्ये पोह्यांचा ढीग असतो, वर लाल तेलाचा तवंग असतो आणि चणे मोजून आठ-दहा. घरी ही प्लेट उलटी करा. चणे वाटीभर आणि पोहे मूठभर, तर्रीतलं तेल निम्म्यावर. चव तीच राहते, पोटाला मात्र खरं अन्न मिळतं.

तक्रारी आणि उत्तरं

"सकाळी वेळ कुठे असतो?" ही तक्रार खरी आहे. म्हणून चणे रात्रीच्या स्वयंपाकाच्या वेळी उकडून ठेवा, म्हणजे सकाळी फक्त फोडणीची दहा मिनिटं लागतील. त्यासाठी चणे सकाळी कामावर जाताना भिजत घालायचे. फ्रीज असेल तर दोन दिवसांचे एकदम उकडून ठेवता येतात.

"सिलेंडर परवडत नाही." न भिजवलेले चणे शिजवले तर परवडणारच नाही. भिजवलेले चणे कुकरमध्ये कितीतरी कमी गॅसवर होतात. मूग-मटकीला तर पोह्यांइतकाच गॅस लागतो.

"पोटात गॅस होतो." होतो, कारण कडधान्यातली काही साखर आपल्याला पचत नाही, ती आतड्यातले जंतू आंबवतात. भिजवलेलं पाणी फेकल्याने ती बरीच कमी होते. सुरुवात मुगापासून किंवा मसुरापासून करा, पहिल्या आठवड्यात अर्धीच वाटी घ्या, पाणी भरपूर प्या. आतड्यांना सवय झाली की त्रास कमी होतो.

"पोरं खात नाहीत." पोरांनी खावं असं वाटत असेल तर मोठ्यांनी त्यांच्यासमोर तेच खाल्लं पाहिजे. बाप बिस्किट खाणार आणि पोराला उसळ देणार, हे चालत नाही. तिखट कमी करा, वर थोडे मुरमुरे घाला, कांदा-टमाटर घाला. सकाळी भेळ खाल्ल्यासारखं वाटतं.

आणखी एक तक्रार कोणी तोंडाने बोलत नाही, पण मनात असते. उकडलेले चणे म्हणजे गरिबाचं खाणं, आणि बिस्किट, ब्रेड, नूडल्स म्हणजे सुधारलेल्या माणसाचं. पाहुणा आला की आपण पुडा फोडतो, उसळ पुढे करायला लाजतो. गावाकडे बारशाला घुगऱ्या वाटतात. घुगऱ्या म्हणजे उकडलेलं कडधान्यच. "तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी" असं म्हातारी माणसं अजून ऐटीत सांगतात. जे अन्न लेकराच्या बारशाला चालतं, ते पाहुण्याच्या बशीत का चालू नये? लाज वाटायचीच असेल तर तालुक्याच्या दवाखान्यात सात हिमोग्लोबिनची पोर नेताना वाटावी.

शाकाहारी आहे म्हणून नव्हे

या उसळीत मांस-मच्छी नाही. पण तेवढ्यासाठी मी तिचं कौतुक करत नाही. कोण काय खातो यावरून माणसाची उच्चनीचता ठरवण्याचा त्रास आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. आहाराच्या नावाखाली तेच सोवळं पुन्हा कोणी आपल्या स्वयंपाकघरात आणत असेल, तर त्याला माझा विरोध आहे. ज्याला मांस सोडायचं आहे त्याने स्वतःच्या विचाराने सोडावं, पण अंडं खाणाऱ्या पोराला कोणी कमी लेखू नये.

आरोग्याच्या दृष्टीनेही हे स्पष्ट सांगायला हवं. कडधान्यात ब-१२ जीवनसत्त्व नसतं. ते अंडी, दूध, मासे, मांस यांतूनच मिळतं. जे हे काहीच खात नाहीत, त्यांनी डॉक्टरांना विचारून ब-१२ ची गोळी घ्यावी. हातापायांना मुंग्या येणं, विसरभोळेपणा, जीभ लाल होऊन चुरचुरणं ही त्याच्या कमतरतेची लक्षणं असू शकतात. ज्यांना अंडं परवडतं त्यांनी उसळीसोबत अंडं खावं. उसळीला आणि अंड्याला एकमेकांचं वैर नाही. उसळीचं मोठेपण एवढंच की ज्या घरात रोज अंडं येऊ शकत नाही, त्या घरातही ती येऊ शकते.

उसळ म्हणजे औषध नव्हे

एक गैरसमज होऊ नये म्हणून ठळकपणे सांगते. हिमोग्लोबिन कमी निघालं आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, तर त्या घ्यायच्याच. उसळ सुरू केली म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. गरोदर बाईने तर अजिबात नाही.

पण याच्या उलटही एक धोका आहे. हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोहच कमी, असं नेहमी नसतं. विदर्भात आदिवासी समाजात आणि आपल्याही समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला, विशेषतः ज्याला वरचेवर रक्त चढवावं लागतं त्याला, तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या देणं घातक ठरू शकतं, कारण शरीरात लोह साचतं. त्याला फोलिक अॅसिड लागतं, भरपूर पाणी लागतं आणि नियमित तपासणी लागते. म्हणून घरातल्या प्रत्येकाची सिकलसेलची चाचणी एकदा करून घ्या, लग्न ठरवण्याआधी तर नक्कीच. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू आहे. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात चौकशी करा. सिकलसेलच्या रुग्णाने उसळ खायला हरकत नाही, फक्त दुकानातून "रक्तवाढीचं टॉनिक" आणून मनाने पाजू नका.

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किती डाळ-कडधान्य खायचं हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. त्यांना प्रथिनं आणि पोटॅशियम मोजून घ्यावं लागतं. रक्तात युरिक अॅसिड वाढून सांधे सुजणाऱ्यांनीही आपल्या डॉक्टरांशी बोलून प्रमाण ठरवावं.

गंजातल्या तळाशी काय उरतं?

आता मुख्य मुद्दा. उसळ केली आणि बाईच्या वाट्याला तळाचा रस्सा आला, तर या सगळ्या लेखाचा उपयोग शून्य. आपल्या घरांत अजूनही आधी पुरुष, मग पोरं, त्यातही आधी पोरगा, आणि शेवटी बाई, असं वाढलं जातं. जिला पाळी येते, जी मूल पोटात वाढवते, जी अंगावर पाजते, जी दोन पाळ्या राबते, तिला सगळ्यात जास्त लोह लागतं. बाईला २९ मिलिग्रॅम, तर पुरुषाला १९. आणि तीच शेवटी जेवते. समतेच्या सभेला आपण हजारोंनी जातो. ती समता सकाळी सात वाजता पळीने वाढताना दिसली पाहिजे.

म्हणून माझी सूचना आहे की उसळ झाली की आधी पाच वाट्या मांडा. पाचही सारख्या भरा. पाहुणा आला तर प्रत्येक वाटीतून एक-एक चमचा कमी करा, फक्त आईच्या वाटीतून नव्हे. बारा ते अठरा वयाच्या मुलींकडे विशेष लक्ष द्या. या वयात वाढ जोरात होते, पाळी सुरू झालेली असते आणि याच वयात पोरी "जाड होईन" म्हणून नाश्ता टाळतात.

आणि चणे भिजत घालणं हे बाईचंच काम आहे, असं कुठे लिहिलेलं नाही. पाव किलो चणे धुवून पाण्यात टाकायला दोन मिनिटं लागतात. हे काम घरातल्या पुरुषाने किंवा दहा-बारा वर्षांच्या मुलाने रोजचं म्हणून घ्यावं. ज्या घरात हे काम वाटून घेतलं जातं, त्या घरात उसळ टिकते. ज्या घरात ते बाईच्या कामांच्या यादीत आणखी एक काम होऊन बसतं, त्या घरात पंधरा दिवसांत पुन्हा बिस्किटाचा पुडा येतो. मी हे वस्त्यांमध्ये पाहिलं आहे.

घराबाहेरची वाटी

शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज २० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे ३० ग्रॅम डाळ-कडधान्य द्यायचं असतं. हा मुलांचा हक्क आहे. शंभर मुलांच्या प्राथमिक शाळेत रोज दोन किलो डाळ किंवा कडधान्य शिजलं पाहिजे, हा साधा हिशेब कोणत्याही आई-बापाला करता येतो. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असतात. त्यांनी महिन्यातून एकदा तरी जेवणाच्या वेळी शाळेत जावं, ताटात दाणे दिसतात की नुसतं पिवळं पाणी हे पाहावं, आणि पाणीच दिसलं तर लेखी विचारावं. भांडायची गरज नाही, पण विचारायची आहे.

विहारातही हे करता येईल. रविवारच्या वंदनेनंतर किंवा वर्षावासात ग्रंथवाचनानंतर आपण चहा-बिस्किटं वाटतो. त्याऐवजी उसळ का नको? आठवड्याला एका घराने दोन किलो चणे भिजवून आणले तर चाळीस जणांना वाटी मिळते. पोरांना त्या निमित्ताने चव लागते, आणि ज्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी कोणी करून घालणारं नाही, त्यालाही आठवड्यातून एकदा नीट खायला मिळतं. महिला मंडळांनी त्याच दिवशी हिमोग्लोबिनच्या तपासणीसाठी आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला बोलावावं. तपासणी करा, आकडा वहीत लिहा, औषध घ्या, उसळ खा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासणी करा. आकडा वाढला की बाकीच्या बाया आपोआप विचारतात, "तू काय केलंस?"

मोठ्या सुधारणांसाठी आपण मोर्चे काढले, निवेदनं दिली, पुढेही देऊ. रेशनवर दर महिन्याला कडधान्य मिळालं पाहिजे, ही मागणीही लावून धरली पाहिजे. पण त्यासाठी लढायला अंगात रक्त लागतं. तेव्हा आज रात्री झोपायच्या आधी माणशी एक मूठ चणे पाण्यात टाका, आणि उद्या सकाळी घरातल्या बाईची वाटी सगळ्यांच्या बरोबरीने भरा.